थिबाच्या दरबारातील न घडलेली संसद

१/ रत्नागिरीचा थिबा राजवाडा आपल्याला एका पदच्युत राजाची आठवण देतो. मात्र याच राजाच्या कारकिर्दीच्या आरंभी ब्रह्मदेशात राजसत्तेस मर्यादा घालण्याचा गंभीर प्रयत्न झाला होता. हा धागा त्या प्रयत्नाविषयी.

२/ राजधानी मंडाले येथे ‘ह्लुत्तॉ’ नावाची मंत्रिसभा होती. राजाज्ञा तिच्यामार्फत निघत. सर्वोच्च न्यायनिवाडाही तीच करी. सभासद मात्र निवडलेले नसत. प्रत्येकाचे पद राजाच्या मर्जीवर अवलंबून असे.

३/ मिंडोन राजाचे मंत्री किनवुन मिंजी १८७२ साली शिष्टमंडळ घेऊन युरोपात गेले. इंग्लंडमध्ये ते राणी व्हिक्टोरियाला भेटले. सिंहासन राणीचे, पण कारभार संसदेला उत्तरदायी असलेल्या मंत्रिमंडळाचा, ही व्यवस्था त्यांनी जवळून पाहिली.

४/ ऑक्टोबर १८७८ मध्ये मिंडोन निवर्तला. किनवुन मिंजी आणि एका प्रभावी राणीने अनेक राजपुत्रांतून तरुण थिबाला गादीवर बसवले. हा सौम्य राजा मंत्र्यांच्या सल्ल्याने चालेल, असा मिंजींचा हिशेब होता. युरोपीय धर्तीवर खात्यांची फेररचना सुरू झाली.

५/ या विचारास बैठक दिली मंत्री फो ह्लाइंग यांच्या ‘राजधम्मसंगह’ या ग्रंथाने. राजाने एकट्याच्या इच्छेने नव्हे, तर विचारविनिमयाने राज्य करावे, हे त्याचे सार. त्यासाठी त्यांनी बौद्ध परंपरेचाच आधार घेतला. वारंवार एकत्र जमावे, एकोप्याने निर्णय घ्यावेत, हा बुद्धाने वज्जी गणराज्याच्या संदर्भात सांगितलेला नियम त्यात आहे.

६/ फेब्रुवारी १८७९ मध्ये राजघराण्यातील अनेक बंदिवानांची कत्तल झाली. फो ह्लाइंग यांचे पद गेले. काही महिन्यांतच सुधारणा आटोपली.

७/ असे का झाले? इंग्लंडच्या संसदेने कर मंजूर करण्याचा अधिकार शतकानुशतके झगडून मिळवला होता. पैशासाठी राजाला तिच्याकडे यावेच लागे. मंडालेच्या मंत्र्यांमागे ना मतदार होते, ना तिजोरीची किल्ली. ज्याने पद दिले, त्यालाच आवरण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. राजाचा सौम्य स्वभाव हीच त्यांची एकमेव राज्यघटना होती.

८/ १८८५ साली याच ह्लुत्तॉने सागवानाच्या व्यवहारात बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रजांना युद्धाचे निमित्त मिळाले. नोव्हेंबरमध्ये मंडाले पडले. १ जानेवारी १८८६ रोजी उरलेले राज्य खालसा झाले आणि त्याच वर्षी थिबा रत्नागिरीस आला. १९१० मध्ये त्याच्यासाठी राजवाडा पूर्ण झाला. १९१६ मध्ये येथेच त्याचा अंत झाला.

९/ ह्लुत्तॉ हा शब्द मात्र उरला. आजही म्यानमारच्या संसदेचे नाव तेच आहे. १ फेब्रुवारी २०२१ रोजी नवनिर्वाचित ह्लुत्तॉची पहिली बैठक भरायची होती. त्याच पहाटे लष्कराने सत्ता बळकावली. या वेळी सभासदांमागे मतदार होते, बंदुका मात्र दुसऱ्यांच्या हाती होत्या. सभेला नाव आणि इमारत देणे सोपे असते. तिचा निर्णय सत्ताधाऱ्यास मानावाच लागेल अशी स्थिती निर्माण करणे, हे खरे घटनाकार्य.