कोळशाची धूळ आणि टॉर्चवाला फोन

भारतातल्या मोबाइलचा इतिहास सांगायला बसले की सगळे पहिल्या कॉलपासून सुरुवात करतात. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले आणि सेवा सुरू झाली. पुढे परवाने, दर, कंपन्यांची भांडणे, घोटाळे, न्यायालये. या सगळ्यात हातातली वस्तू कुठेच नसते. ती किती वेळा पडली, कशात भिजली, कोणी उघडली, कशाने मेली, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. वरोऱ्यासारख्या गावात मात्र मोबाइलचा खरा इतिहास तोच आहे, असे माझे मत आहे. इथे फोन घेताना पहिला प्रश्न ‘यात काय काय आहे’ हा नव्हता. ‘टिकंल का?’ हा होता.

वरोरा हे कोळशाचे गाव. एकोणिसाव्या शतकात वर्ध्याहून इथवर लोहमार्ग आला तो कोळशासाठीच. आज आसपास उघड्या खाणी आहेत, औष्णिक वीज केंद्र आहे, रात्रंदिवस ट्रक आहेत. दुसऱ्या बाजूला कापूस आणि सोयाबीन, आणि पूर्वेकडे निघालो की ताडोबाचे जंगल. उन्हाळ्यात चंद्रपूर जिल्ह्याचा पारा ४७-४८ अंशांपर्यंत जातो. एखादे नाजूक यंत्र मुद्दाम छळायचे असेल तर याहून चांगली प्रयोगशाळा शोधून सापडणार नाही. आणि ती कोणी उभारलेली नव्हती. आम्ही तिच्यातच राहत होतो.

सामान्य माणसाच्या खिशात फोन आला तो २००३ च्या सुमारास. त्याआधी बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत होता आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडत. ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलची मोबाइल सेवा सुरू झाली, मे २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले, आणि त्याच पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये भरून फोन घरी न्यायची योजना काढली. त्याच वर्षी नोकियाने ११०० हे मॉडेल जाहीर केले.

आज तो फोन पाहिला तर यात नवल काय, असे वाटेल. पण त्या काळी ते नवलच होते: फोनच्या डोक्यावर टॉर्च! एक कळ दाबून धरली की दिवा लागायचा. पुण्या-मुंबईच्या माणसाला ही गंमत वाटली असेल. भारनियमनाच्या त्या वर्षांत रात्री ओलिताला शेतात जाणाऱ्या माणसाला ती गंमत नव्हती. विंचूकाट्यापुरता उजेड, आणि तो लुंगीच्या कनवटीला मावणारा. कंपनीने हा फोन ‘मेड फॉर इंडिया’ म्हणून विकला. त्याचे आरेखन झाले होते कॅलिफोर्नियातल्या केंद्रात, ही बाब जाहिरातीत अर्थातच नव्हती. आरेखन कुठलेही असो, करणाऱ्याला धूळ आणि घाम ठाऊक होता हे कबूल करावे लागते. सगळे आकडे एकाच सलग रबरी पत्र्यावर होते, त्यामुळे दोन कळांमध्ये फटच नाही आणि धुळीला वाट नाही. दोन्ही कडा खरखरीत, म्हणजे ओल्या हातातून सटकू नये. वजन ८६ ग्रॅम. या मॉडेलचे पंचवीस कोटींच्या आसपास नग जगभर खपले. नोकियाने विकलेला शंभर कोटीवा फोन हाच होता. तो २००५ मध्ये नायजेरियात विकला गेला. नायजेरिया आणि वरोरा यांच्यात धूळ, ऊन आणि विजेची बेभरवशी, एवढे साम्य पुरेसे होते.

हा फोन पडून फुटत का नाही, याबद्दल गावात अनेक कथा होत्या. त्यातल्या पोलादी सांगाड्याच्या कथेत काही तथ्य नाही. कारण साधे आहे आणि शाळेतल्या पदार्थविज्ञानात बसते. ८६ ग्रॅमचा फोन एक मीटरवरून पडला तर जमिनीला टेकताना त्याच्यात सुमारे ०.८४ ज्यूल ऊर्जा असते. आजचा २०० ग्रॅमचा स्मार्टफोन तेवढ्याच उंचीवरून पडला तर जवळजवळ दोन ज्यूल. शिवाय जुना फोन आपटला की त्याचे तीन तुकडे व्हायचे: मागचे झाकण एकीकडे, बॅटरी दुसरीकडे, फोन तिसरीकडे. नवख्या मालकाच्या काळजाचा ठोका चुके. पण त्या विखुरण्यातच धक्क्याचा मोठा भाग खर्ची पडे. तुकडे गोळा करायचे, बसवायचे, कळ दाबायची. पडदा लहान आणि प्लास्टिकचा, खोलगट जागी बसवलेला. आजच्या फोनला कडेपासून कडेपर्यंत काच असते आणि ऊर्जेला जायला दुसरी वाटच नसते.

प्रयोगशाळेतल्या चाचण्या कशा होतात ते पाहिले तर वरोऱ्याशी तुलना करायचा मोह आवरत नाही. ‘मिलिटरी ग्रेड’ म्हणून जे मिरवले जाते ते अमेरिकी लष्कराच्या ८१० क्रमांकाच्या मानकावरून, आणि ते मूळ १९६२ चे आहे. त्यातल्या पडण्याच्या चाचणीत वस्तू चार फुटांवरून सव्वीस वेळा टाकतात: सहा पृष्ठभाग, बारा कडा, आठ कोपरे. खाली काय असते? काँक्रीटवर ठेवलेले दोन इंच जाडीचे प्लायवूड. आणि हे सव्वीस आघात एकाच नगाने सोसले पाहिजेत असेही नाही. ते पाच नगांत वाटून देता येतात. आमच्याकडे प्लायवूड नसते. गिट्टी असते, आणि नग एकच असतो.

धुळीची चाचणी आणखी मजेशीर. आयपी या अक्षरांपुढे जे दोन आकडे असतात त्यातला पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीसाठी बंद पेटीत टाल्कची बारीक भुकटी उडवतात. टाल्क म्हणजे आपल्या अंगाला लावायच्या पावडरीतला खनिज पदार्थ: पांढरा, मऊ, एकसारख्या चाळणीतून चाळलेला. आमच्या धुळीत कोळसा, राख, मुरूम आणि कापसाचे तंतू एकत्र असतात, आणि त्यात घाम मिसळला की त्याचा लेप बनतो. पाण्याचा सातवा दर्जा म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. ते पाणी स्वच्छ गोडे. धानाच्या बांधीतला चिखल नव्हे.

उष्णतेचे तर विचारूच नका. आयफोन बनवणारी कंपनी स्वतःच सांगते की हा फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा. वरोऱ्यात एप्रिल-मेमध्ये ३५ अंश ही सकाळी दहाच्या आधीची गोष्ट असते. म्हणजे कंपनीचे म्हणणे प्रमाण मानले तर दोन-अडीच महिने दिवसभर हा फोन आमच्याकडे नियमबाह्यच चालतो.

या चाचण्या खोट्या आहेत असे माझे म्हणणे नाही. त्या तुलनेसाठी असतात. दोन यंत्रांना एकाच तऱ्हेने छळल्याशिवाय तुलना होत नाही. पण चाचणी नव्या फोनवर होते, आणि माणूस वापरतो तो जुना. तीन वर्षांच्या वापराने रबर सैल होते, झाकणाचा आकडा तुटतो, मग रबरबँड येतो. रबरबँड लावलेल्या फोनचे मानक कोणी लिहिलेले नाही.

वरोऱ्यात वीसेक वर्षे मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांशी मी याबद्दल अनेकदा बोललो. त्यांचे नाव इथे देत नाही, कारण त्यांना ते नको आहे. त्यांचा निष्कर्ष एका वाक्यात होता: “फोन पडून मरत नाही भाऊ, चार्जरनं मरते.” जत्रेतला वीस रुपयांचा चार्जर आणि कमीजास्त होणारा विजेचा दाब ही जोडी गिट्टीपेक्षा घातक. दुसरा शत्रू बॅटरी. ११०० मध्ये बीएल-५सी नावाची बॅटरी असे. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने जाहीर केले की मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या या जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज करताना फाजील तापू शकतात, आणि त्या बदलून मिळतील. बॅटरीवरचा २६ अक्षर-अंकांचा क्रमांक तपासायचा होता. देशभर घबराट झाली. ज्यांचा फोन नोकियाचा नव्हता तेही बॅटरी काढून पाहू लागले. त्यानंतरही तीच बॅटरी, खरी आणि नकली, रेडिओत, स्पीकरमध्ये, टॉर्चमध्ये शिरली आणि अजून विकली जाते. एका फोनचा सुटा भाग फोनपेक्षा दीर्घायुषी ठरल्याचे असे उदाहरण क्वचितच असेल.

मग आले ‘चायना’चे फोन. खऱ्या अर्थाने अजब फोन म्हणायचे ते हेच. तैवानच्या मीडियाटेक कंपनीने फोनचे जवळजवळ सगळे काम एका तयार चिपसंचात बसवून दिले, आणि शेन्झेनमधल्या लहानसहान कारखान्यांना उरले ते फक्त बाहेरचे रूप. त्यांनी कल्पनेला मोकळे सोडले. मोटारीच्या आकाराचा फोन, सिगारेटच्या पाकिटासारखा फोन, मनगटी घड्याळाचा फोन, अँटेना ओढून टीव्ही दाखवणारा फोन, आणि आठवडी बाजारात तीन दुकानांपलीकडे ऐकू जाईल असा स्पीकर. दोन सिमची सोय इथल्या सामान्य माणसाने प्रथम पाहिली ती बहुधा याच फोनांत. नामवंत कंपन्या नंतर जाग्या झाल्या. एक सिम गावात रेंज देणारे, दुसरे जंगलाकडे. भद्रावती-चिमूरकडे ये-जा करणाऱ्याला ही चैन नव्हती.

हे फोन टिकाऊ होते का? गावाचे मत ‘चायना का माल, चले तो चाँद तक’ असे होते, पण ते मत अर्धवट आहे. बॅटरीवर छापलेले आकडे थापा होते हे खरे. कळांवरचे अंक महिन्यात पुसले जात हेही खरे. पण बरेच फोन दोन-तीन वर्षे निभावले, आणि पुष्कळांचा मृत्यू पडून किंवा भिजून झालाच नाही. तो सरकारी आदेशाने झाला.

प्रत्येक फोनला आयएमईआय नावाचा पंधरा अंकी क्रमांक असतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश अशा कळा दाबल्या की तो दिसतो. पहिले आठ अंक मॉडेल सांगतात, पुढचे सहा तो विशिष्ट नग, आणि शेवटचा अंक आधीच्या चौदांचा हिशेब जुळतो का ते तपासण्यासाठी. चायनाच्या कित्येक फोनांत या जागी नुसती शून्ये होती, किंवा हजारो फोनांना एकच क्रमांक होता. नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर ओळख नसलेल्या फोनांचा प्रश्न सुरक्षेचा झाला. मुदती वाढत गेल्या आणि अखेर ३० नोव्हेंबर २००९ च्या मध्यरात्रीनंतर असे फोन बंद करायचे ठरले. देशभरात सुमारे अडीच कोटी फोनांचा प्रश्न असल्याचे तेव्हाच्या बातम्या सांगत होत्या. मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने १९९ रुपयांत खरा क्रमांक बसवून देण्याची अधिकृत सोय केली होती. ती जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन किती जणांनी घेतली असेल ते सोडा. गल्लीतल्या दुकानांत त्याहून स्वस्तात क्रमांक ‘टाकून’ मिळत असे. मोटारीच्या आकाराचा धडधाकट फोन, दिवा लागतो, गाणे वाजते, फक्त बोलता येत नाही, असा पुढे लेकरांच्या हाती खेळणे म्हणून गेला.

रिलायन्सच्या ५०१ रुपयांवाल्या फोनांची गत वेगळी नव्हती. ते सीडीएमए पद्धतीचे, कंपनीच्या जाळ्याशी बांधलेले. ते जाळे आवरले गेले तेव्हा चालू स्थितीतले यंत्रही निकामी झाले. दुरुस्तीवाल्याकडे त्यावर इलाज नव्हता, कारण बिघाड यंत्रात नव्हताच.

गडचिरोलीकडे गेले की ही गोष्ट आणखी उघडी पडते. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता तुटतो. त्या दिवसांत फोन ही चैनीची वस्तू राहत नाही, डॉक्टरची गाडी पुलापलीकडे थांबली आहे की नाही हे त्यावरच कळायचे असते. त्या भागात माओवाद्यांनी टॉवर जाळल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या. टॉवर पडला की एका रात्रीत सगळे फोन केवळ टॉर्च उरत. खिशातले यंत्र कितीही चिवट असो, त्याचा प्राण दूरच्या डोंगरावर ठेवलेला. गोष्टीतल्या राक्षसाचा पोपटात असे, तसा. ताडोबातले वनरक्षक गस्तीच्या नोंदीसाठी ज्या एम-स्ट्राइप्स प्रणालीचे अ‍ॅप वापरतात त्यात मात्र ही अडचण ध्यानात घेतलेली दिसते: फोन उपग्रहाकडून आपली जागा टिपतो, नोंद पोटात साठवतो, आणि माहिती नंतर वर चढवता येते. रेंज नाही हे गृहीत धरून केलेले काम जंगलात टिकते.

११०० वरचा टूजी सिग्नल आपल्याकडे अजून पूर्ण बंद झालेला नाही. म्हणून वीस वर्षांचे हे फोन वरोरा तालुक्यात आजही चालताना दिसतात, मुख्यतः म्हाताऱ्या माणसांकडे. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनवरूनही पैसे पाठवता यावेत म्हणून यूपीआयची सोय सुरू केली, पण माझ्या पाहण्यात या फोनांचे सर्वात महत्त्वाचे काम ओटीपी घेणे हे आहे. पीकविमा, बँक, आधार, सगळ्याला तोच क्रमांक जोडलेला.

आणि इथे एक अडचण आहे जी कोणत्याही चाचणीत नाही. या फोनात पन्नासेक संदेशच मावतात. पेटी भरली की नवा संदेश आत येत नाही. कोपऱ्यात एक लिफाफा तेवढा लुकलुकत राहतो. सेवा केंद्रात संगणकापुढचा पोरगा म्हणतो, “आजोबा, ओटीपी सांगा,” आणि आजोबा म्हणतात, आलाच नाही. अर्ज रद्द होतो, उद्या या. दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या त्या गृहस्थांकडे आता या फोनांचे एवढेच काम उरले आहे. ते फोन हातात घेतात, रिचार्जच्या जाहिरातींचे जुने संदेश एकेक करून पुसतात आणि परत देतात. त्याचे पैसे ते घेत नाहीत.