बालपणीची श्रद्धा मोठेपणी का बदलते?

बहुतेक माणसांचा धर्म जन्माने ठरतो. त्या धर्माकडे पाहण्याची दृष्टी मात्र आयुष्यभर तशीच राहते असे नाही. काहींची श्रद्धा वयानुसार पक्की होते, काहींची सैल पडते, काही जण नास्तिक होतात, तर थोडे जण धर्मच बदलतात.

बालपणी श्रद्धा कशी रुजते?

लहान मूल आधी कृती शिकते, अर्थ नंतर. देवासमोर हात जोडणे, नमाजाच्या वेळी वडिलांशेजारी उभे राहणे, रविवारी चर्चला जाणे हे सारे अनुकरणातून येते. ‘देव रागावेल’ हे वाक्य मूल शब्दशः खरे मानते.

बदल केव्हा सुरू होतो?

स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांच्या मांडणीनुसार साधारण ११-१२ वर्षांनंतर मुले अमूर्त विचार करू लागतात. ‘चांगल्या माणसांवर संकटे का येतात?’ असे प्रश्न मग टोचू लागतात. अमेरिकी अभ्यासक जेम्स फाउलर यांनी १९८१ मध्ये श्रद्धेच्या विकासाचे सहा टप्पे मांडले. त्यांच्या मते किशोरवयातली श्रद्धा आपल्या माणसांच्या मतांवर टेकलेली असते. पुढे व्यक्ती ती स्वतः तपासून स्वीकारते किंवा नाकारते. प्रत्येक जण सगळे टप्पे गाठतोच असे नाही. फाउलर यांच्या मुलाखती मुख्यतः अमेरिकेतील ख्रिस्ती व ज्यू लोकांच्या होत्या, त्यामुळे हे टप्पे सर्व समाजांना लागू पडतात का, यावर मतभेद आहेत.

शिक्षणासाठी घर सोडणे, वाचन, आंतरधर्मीय विवाह, जवळच्या माणसाचा मृत्यू आणि धर्माच्या नावाने झालेला अन्याय ही बदलाची नेहमीची कारणे आहेत.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ कबीरपंथी होते. घरात भजन आणि रामायण-महाभारताचे वाचन होई. कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी भेट दिलेल्या बुद्धचरित्रातून त्यांची बुद्धाशी ओळख झाली. हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा त्यांनी १९३५ मध्ये येवल्यात केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. या दोन घटनांमध्ये २१ वर्षे गेली.

कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा सोवळेओवळे पाळणाऱ्या लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे जातिभेद माणसांनीच निर्माण केला, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचारातून पटले आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा प्रवास येतो.

असे किती जण बदलतात?

प्यू रिसर्च सेंटरने २०१९-२० मध्ये भारतातील सुमारे ३०,००० प्रौढांचे सर्वेक्षण केले. हिंदू म्हणून वाढलेले, पण आता स्वतःला हिंदू न म्हणवणारे फक्त ०.७ टक्के होते. उलट दिशेने आलेले ०.८ टक्के. अमेरिकेत मात्र, याच संस्थेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार, सुमारे ३५ टक्के प्रौढांनी बालपणीची धार्मिक ओळख सोडली आहे. भारतात धर्म हा विवाह, नातेसंबंध आणि जातीशी जोडलेला असल्याने तो सोडण्याची किंमत मोठी असते. त्यामुळे धर्माचे नाव कायम ठेवून आतली श्रद्धा बदलली, तर ती अशा आकड्यांत दिसत नाही.

काय उरते?

श्रद्धा गेली तरी सवयी सहज जात नाहीत. देव न मानणारी व्यक्तीही आईच्या समाधानासाठी आरतीला उभी राहते. घरात वाद होतो तोही अनेकदा देवावरून नसतो; ‘आपलं मूल आपल्यापासून दूर गेलं’ ही भीती त्यामागे असते. भारतीय संविधानाचे कलम २५ प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते. घरात ते मिळायला मात्र अनेकदा वेळ आणि संवाद लागतो.