म्हातारपणाला रकाना नव्हता

खानदेशातल्या जुन्या माणसांना वय विचारले, तर ती साल सांगत नसत, प्रसंग सांगत. 'छप्पनच्या दुष्काळात मी रांगत होतो', 'प्लेगात गाव रानात राहायला गेला, तेव्हा माझं लग्न झालेलं होतं', 'मानमोडीच्या सालचा जन्म'. छप्पन म्हणजे विक्रम संवत १९५६, अर्थात इ.स. १८९९-१९००. प्लेग मुंबईत आला १८९६ मध्ये आणि तेथून इलाख्यात पसरला. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. आयुष्य मोजायची ही सगळी परिमाणे संकटांची होती. त्यांतून वाचून पुढे म्हातारे होणे हेच मोठे यश होते. म्हातारपणी कसे जगावे, हा प्रश्न फार थोड्यांच्या वाट्याला येई.

आज तो प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात आहे. पण त्याचे उत्तर आपण अजून जुनेच देतो: 'आता वय झालं, चालायचंच!' हे उत्तर कोठून आले आणि आज ते का चालणार नाही, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

१८८० मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरील खंड प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जळगावजवळच्या आसोदे गावी बहिणाबाई चौधरींचा जन्म झाला. त्या सुमारास भारतात जन्मवेळचे सरासरी आयुर्मान जेमतेम २५ वर्षे होते. बहिणाबाई मात्र १९५१ पर्यंत, म्हणजे ७१ वर्षे जगल्या. मग हा चमत्कार म्हणायचा का?

फळ्यावर एक काल्पनिक गणित मांडून पाहा. १० मुले जन्मली. त्यांतली ४ पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास गेली. २ जण विसाव्या वर्षी, २ जण चाळिसाव्या वर्षी गेले आणि २ जण ६५ वर्षे जगले. सर्वांची मिळून वर्षे झाली ४ + ४० + ८० + १३० = २५४. सरासरी २५.४! म्हणजे सरासरी पंचविशीची असूनही दोघे पासष्टी गाठतात, आणि नेमके पंचविशीत कोणीच मरत नाही. 'पूर्वीची माणसं शंभर वर्षं जगायची' आणि 'पूर्वीची माणसं पंचविशीतच मरायची' ही दोन्ही विधाने फसवी आहेत, ती यामुळेच. सरासरी खाली ओढत होते ते बालमृत्यू आणि साथी.

बहिणाबाईंच्या घरालाही या काळाचे तडाखे बसले. तिशीच्या सुमारास त्यांना वैधव्य आले. मुलगा ओंकार याला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. अशा घरांतल्या मृत्यूंची नोंद सरकारदरबारी कशी होत असे? गावकामगाराकडे एक तक्ता असे. त्यात मोजके रकाने: पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, अपघात आणि 'इतर कारणे'. पुढे प्लेगची भर पडली. सरकारला साथींची चिंता होती, म्हणून रकाने साथींचे. अर्धांगवायूने गेलेली आजी किंवा हृदयविकाराने गेलेले आजोबा यांना स्वतंत्र जागाच नव्हती. ते 'इतर कारणां'त जात, नाहीतर 'तापा'त. घरचे लोक म्हणत, 'वय झालं होतं.' ज्या आजारांना रकाना नाही, त्यांचा शोध तरी कोण घेणार?

१९१८ च्या इन्फ्लुएंझाने तर म्हाताऱ्यांपेक्षा तरुणांनाच अधिक झोडपले. मृतांत २० ते ४० वयाच्या माणसांचे प्रमाण असाधारण होते. भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. १९११ च्या जनगणनेत २५.२ कोटी असलेली लोकसंख्या १९२१ मध्ये २५.१ कोटी भरली. दहा वर्षांत वाढण्याऐवजी ती घटली! त्या दशकाचे सरासरी आयुर्मान २० वर्षांच्या आसपास उतरले होते.

१९२१ नंतर चित्र पालटू लागले. दुष्काळात भूकबळी कमी झाले, देवीची लस पोचली, १९५३ पासून हिवतापाविरुद्ध देशव्यापी मोहीम सुरू झाली. प्रतिजैविके आली, बालकांचे लसीकरण वाढले. १९४१-५१ या दशकात ३२ वर्षांच्या आसपास असलेले आयुर्मान आज ७० वर्षांच्या घरात आहे. १९६१ मध्ये देशात साठीच्या पुढचे लोक शेकडा ५.६ होते, २०११ मध्ये ८.६ झाले. १९०६ मध्ये जुन्या खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे म्हणून ओळखले जाऊ लागले. त्या जिल्ह्यांतही आता आजी-आजोबा नसलेला वर्ग शोधून सापडणार नाही.

पण 'वय झालं' हे उत्तर काही केवळ आपल्याच खेड्यांतले नाही. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब कित्येक वर्षे वाढत होता. त्यांचे खासगी डॉक्टर मात्र 'वयाच्या मानाने प्रकृती उत्तम' असेच सांगत राहिले. वयाबरोबर रक्तदाब वाढणे त्या काळी स्वाभाविक मानले जाई. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने रूझवेल्ट गेले, तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. १९४८ मध्ये अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी ३० ते ६२ वयाच्या ५,२०९ स्त्रीपुरुषांची नियमित तपासणी सुरू झाली. वर्षानुवर्षांच्या नोंदींतून स्पष्ट झाले, की साठीतल्या हृदयविकाराची आणि अर्धांगवायूची पेरणी चाळिशीतच झालेली असते. वाढलेला रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल, धूम्रपान आणि मधुमेह ही त्यामागची ओळखता येणारी कारणे होती. यांतली बरीचशी आटोक्यात ठेवता येतात. म्हातारपणाच्या आजारांना अखेर रकाने मिळाले.

हातापायांतले बळ जाणे हेही केवळ वयामुळे होत नाही. १९९० मध्ये बोस्टन येथील संशोधकांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या १० जणांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. ज्या ९ जणांनी तो आठ आठवडे पूर्ण केला, त्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद दुपटीहून बरीच वाढली. न वापरलेला स्नायू कोणत्याही वयात झिजतो, आणि वापरला तर कोणत्याही वयात थोडाफार परत येतो.

आपल्या भागापुरते आणखी एक सांगायला हवे. जळगाव, भुसावळ, धुळे येथील मे महिना म्हणजे ४५ अंशांच्या आसपासचे तापमान. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, घामही कमी येतो. त्यामुळे शरीर थंड राखणे अवघड जाते. म्हातारी माणसे 'तहानच नाही' म्हणतात, ती खोटे बोलत नसतात. त्यांना तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने पाणी द्यावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. ज्वारी आणि उडदाची कळण्याची भाकरी हे आपले जुने अन्न प्रथिनांच्या दृष्टीने चांगलेच आहे. हात आखडता घ्यायचा तो पापड, लोणचे आणि शेव यांतल्या मिठावर. तंबाखू आणि मिशरी तर सोडायलाच हवी.

वर्गासाठी एक उपक्रम सुचवतो. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या किंवा शेजारच्या साठीपुढच्या एका व्यक्तीला भेटावे. जन्मसाल माहीत नसेल, तर स्वातंत्र्य किंवा १९७२ चा दुष्काळ यांच्या आठवणींवरून वय काढावे. मग तीन प्रश्न विचारावेत. रक्तदाब आणि साखर शेवटची कधी तपासली? हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येते का? पूर्वी करत होता आणि आता सोडून दिले, असे काम कोणते? उत्तरे तक्त्यात भरून शेवटी 'कारण' असा रकाना ठेवावा. अट एकच: त्या रकान्यात 'वय' असे लिहायचे नाही. कारण सापडले नाही तर रकाना रिकामा ठेवावा, आणि आजी-आजोबांना घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जावे.