सेनापतीची अर्धशिशी

अर्धशिशी घरीं उठली तर निदान अंधारी खोली असते, दार लोटून घेणारें माणूस असतें, आणि कोणी मोठ्यानें बोलल्यास त्याला गप्प करण्याचा अधिकारही आपल्याकडे असतो. परगांवीं यांपैकीं कांहींच हातीं नसतें. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या अखेरीस जनरल ग्रँट यांना हाच अनुभव आला.

१८६५ च्या एप्रिलची ८ तारीख. व्हर्जिनियांत जनरल ली यांच्या सैन्याचा पाठलाग चालला होता, आणि शरणागतीविषयीं उभय सेनापतींचा पत्रव्यवहार सुरू होता. नेमक्या अशा वेळीं ग्रँट यांचें डोकें असह्य दुखूं लागलें. वाटेवरील एका शेतघरांत त्यांनीं मुक्काम केला. ऊन पाण्यांत मोहरी घालून पाय शेकावे, मनगटांवर व मानेमागें मोहरीचा लेप द्यावा, एवढाच उपचार तेथें साधण्याजोगा होता. तो त्यांनीं रात्रभर केला, असें त्यांनीं आपल्या आठवणींत स्वतःच नमूद केलें आहे. त्यांचे सहकारी होरेस पोर्टर आणखी एक गोष्ट सांगतात. त्या घरांत एक पियानो होता, आणि कांहीं हौशी मंडळी मध्यरात्रीच्या सुमारापर्यंत तो बडवीत बसली होती! ज्यांना हें दुखणें ठाऊक आहे त्यांना याहून अधिक सांगणें नको.

पहाटे सहकाऱ्यांनीं त्यांना आग्रहानें कॉफी पाजली, त्यानें थोडा उतार पडला. झांकलेल्या गाडींतून चला, ही विनंती मात्र त्यांनीं मानली नाहीं. ते घोड्यावरच निघाले. दुपारीं बाराच्या सुमारास वाटेंत लींचें पत्र हातीं आलें, आणि तें वाचतांच डोकें थांबलें, असें ग्रँट म्हणतात. अर्धशिशीचा झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतो. तेव्हां त्याची मुदतच भरत आली असावी, अशीही शंका घेतां येते. कॉफीला मात्र थोडें श्रेय द्यावें, कारण पुढें तिच्यांतलें कॅफीन या दुखण्याच्या गोळ्यांतही आलें.

खिशांत मावणारें खरें औषध पुष्कळ उशिरां आलें. राय नांवाच्या धान्यावर वाढणाऱ्या बुरशींतून बाझल येथें स्टोल यांनीं १९१८ सालीं एर्गोटामीन वेगळें केलें. सुमाट्रिप्टान बाजारांत आलें तें १९९१ सालीं. असलीं औषधें दुखणें चढण्यापूर्वीं घेतलीं तर गुण अधिक देतात. म्हणून डबी मोठ्या ट्रंकेंत नव्हे, हातांतल्या पिशवींत ठेवावी. हृदयविकार असणाऱ्यांना मात्र तीं वर्ज्य आहेत. शिवाय महिन्यांतून दहा किंवा अधिक दिवस तीं घेत गेल्यास औषधामुळेंच डोकें दुखूं लागतें. ज्याचें डोकें महिन्यांतून पंधरा पंधरा दिवस दुखतें, त्यानें किती गोळ्या न्याव्या आणि त्या संपल्यावर काय करावें, हा हिशेब निघण्यापूर्वींच डॉक्टरांकडे बसून करून घ्यावा.