बर्फ तोच, वाट पाहणं गेलं

मंडळी, मी पायाला कधी स्की बांधलेली नाही, आणि या वयात बांधीन असंही वाटत नाही. पण नियतकालिकं कशी जन्मतात, कशी जगतात आणि कशी बंद पडतात, हा माझा जुना नाद. त्या नादापायी गेले काही महिने स्कीइंगची मासिकं आणि चित्रपट यांचा इतिहास वाचत होतो. बर्फाशी आपला काय संबंध, असं म्हणू नका. निदान सुरुवात तरी आपल्या ओळखीच्या माणसापासून आहे.

तो माणूस म्हणजे आर्थर कॉनन डॉयल! होम्सला धबधब्यात ढकलून तो मोकळा झाला होता आणि क्षयाने आजारी असलेल्या बायकोला घेऊन स्वित्झर्लंडमध्ये दावोसला राहत होता. मार्च १८९४ मध्ये तिथल्या ब्रँगर बंधूंबरोबर स्कीवरून खिंड ओलांडून तो आरोसाला गेला. उतारावर बराचसा प्रवास पाठीवर आणि त्याच्याखालच्या भागावर झाला. शिंप्याने 'कधीच झिजणार नाही' म्हणून दिलेल्या विजारीचं काय झालं, हे त्याने फार मजेत सांगितलंय. हा लेख 'स्ट्रँड' मासिकात डिसेंबर १८९४ मध्ये आला. म्हणजे घटना मार्चची आणि वाचकाच्या हातात पडली डिसेंबरात. मधले नऊ महिने लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्या नऊ महिन्यांचीच आहे.

१९२० साली जर्मनीत आर्नोल्ड फांकने स्कीइंगवरचा पहिला मोठा चित्रपट काढला. इंग्लंडमध्ये आर्नोल्ड लन याने त्याच सुमारास 'ब्रिटिश स्की इयर बुक' सुरू केलं आणि पुढे सुमारे पन्नास वर्षं त्याचं संपादन केलं. नावाप्रमाणे ते वर्षातून एकदाच निघायचं.

मग अमेरिकेत वॉरन मिलर आला. दुसरं महायुद्ध संपल्यावर नौदलातून सुटलेला हा तरुण सन व्हॅलीच्या पार्किंगमध्ये एका छोट्या ट्रेलरमध्ये राहायचा आणि गरम पाण्यात फुकटचं केचप घालून त्याचं टोमॅटो सूप करून प्यायचा. १९५० साली त्याने पहिला चित्रपट दाखवला. तेव्हापासून दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर त्याचा नवा चित्रपट यायचा. सुरुवातीच्या काळात तो स्वतः गावोगाव जाऊन, सभागृहात पडद्याशेजारी उभा राहून गंमतीजमती सांगायचा. लोक सहकुटुंब यायचे, गेल्या वर्षीचे दोस्त भेटायचे, यंदा कुठे जायचं ते ठरायचं. हे वाचताना मला आपले दिवाळी अंकच आठवले. अंकातलं सगळंच काही चांगलं नसतं, पण सगळ्यांनी एकाच वेळी तेच वाचलेलं असतं, म्हणून बोलायला विषय असतो.

१९७२ साली त्याच सन व्हॅलीत जेक आणि डेव्ह मो या भावांनी 'पावडर' मासिक काढलं. पावडर म्हणजे भुसभुशीत ताजा बर्फ. या मासिकांची रीत समजून घेण्यासारखी आहे. जानेवारीत काढलेला फोटो शरद ऋतूतल्या अंकात छापला जायचा. संपादकांना कुठेही न आलेलं चित्र हवं असायचं, त्यामुळे छायाचित्रकार आपलं उत्तम काम महिनोनमहिने पेटीत जपून ठेवत. चित्रपटातल्या तीन-चार मिनिटांच्या तुकड्यासाठी एखादा खेळाडू अख्खा हिवाळा घालवायचा. आणि फोटो छापून येईपर्यंत तो बर्फ केव्हाच वितळलेला असायचा! उताराचं नावही बऱ्याचदा सांगितलेलं नसायचं. ज्याला तिथे जायचं, त्याने स्थानिक माणसांशी ओळख काढावी, त्यांचा विश्वास मिळवावा.

यात अन्यायही होता, हे मान्य करायला हवं. ठरावीक संपादक, ठरावीक डोंगर, ठरावीक चेहरे. ज्याची ओळख नाही त्याने कितीही सुंदर स्की केलं तरी ते जगाला दिसणार नाही. २००५ नंतर यूट्यूब आलं, पाठोपाठ हेल्मेटवर बसणारे छोटे कॅमेरे आले आणि ती दारं उघडली. फ्रान्सच्या कँडिड थोवेक्सची २०१५ ची हेल्मेटवरून टिपलेली फीत एक कोटीहून जास्त वेळा पाहिली गेली, आणि त्यासाठी कुणाला तिकीट काढावं लागलं नाही. हे वाईट आहे असं कोण म्हणेल?

पण दार उघडलं ते उघडंच राहिलं. आता प्रत्येक लिफ्टवर बसलेल्या माणसाच्या खिशात कॅमेरा आहे. प्रायोजकांना वर्षाअखेरचा तुकडा नको, रोज काहीतरी हवंय. जाहिरातींचा पैसा कागदावरून पडद्यावर सरकला. ऑक्टोबर २०२० मध्ये 'पावडर' थांबवल्याची बातमी आली, अठ्ठेचाळीस वर्षांनंतर. पुढे नव्या मालकाकडे ते नाव परत आलं खरं, पण मधल्या काळात लोकांची अंकाची वाट पाहायची सवय गेली ती गेलीच.

माझ्या मते खरं नुकसान हेच आहे. ते नऊ महिने म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हता. त्या वेळात निवड व्हायची, उत्सुकता साठायची आणि डोंगराला उसंत मिळायची. आज सकाळचा उतार दुपारी हजारोंच्या मोबाइलवर असतो आणि दुसऱ्या दिवशी तिथे माणसांच्या रेघा उमटतात.

आणि बर्फात हा नुसता गर्दीचा प्रश्न नसतो, जिवाचा असतो. इयन मॅकॅमन या अभ्यासकाने अमेरिकेतल्या सातशेहून जास्त हिमस्खलनांचा अभ्यास केला आणि माणसं कशाला फसतात ते मांडलं : ओळखीची जागा, इतरांची पसंती मिळवायची ओढ, बरोबर कुणी जाणकार आहे हा दिलासा, ताजा बर्फ दुसऱ्याने गाठण्याआधी गाठायची घाई. हे सापळे जुनेच आहेत, इंटरनेटच्या आधीचे. पण पसंती आणि घाई या दोन गोष्टी आता प्रत्येकाच्या खिशात चोवीस तास वाजत असतात.

१९ फेब्रुवारी २०१२ ला वॉशिंग्टन राज्यातल्या टनेल क्रीकमध्ये तिघे गेले. त्या गटात उत्तम स्की करणारे होते, स्कीइंगच्या मासिकांत काम करणारेही होते. धोक्याचा इशारा अनेकांनी वाचलेला होता. काहींच्या मनात शंकाही होती, पण एवढी जाणती माणसं बरोबर असताना ती बोलून कोण दाखवणार? जॉन ब्रँचने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्याच डिसेंबरात त्यावर दीर्घ लेख लिहिला, त्याला २०१३ चं पुलित्झर मिळालं. तो इंटरनेटवरच सर्वाधिक वाचला गेला, आणि त्यामागे कित्येक महिन्यांचं काम होतं. तो वाचून मला पटलं की माहिती कितीही असली तरी 'आज नको' म्हणणारा माणूस वेगळा लागतो. त्याचं ऐकलं जावं एवढा एकमेकांवरचा विश्वास सोबतीने हळूहळूच जमतो.

माईक रॉगी हा 'पावडर'मध्ये काम केलेला माणूस. त्याने २०२० साली 'माउंटन गॅझेट' हे १९६६ पासूनचं, अधूनमधून बंद पडणारं नियतकालिक विकत घेतलं. मोठी पानं, वर्षातून दोनच अंक, आणि लेख इंटरनेटवर टाकायचे नाहीत! 'पावडर' थांबलं त्याच वर्षी सुरू केलेला हा उद्योग तग धरून राहिला. म्हणजे वाट पाहायला तयार असलेली माणसं अजून आहेत तर!

सगळं परत मागे न्यावं असं मी म्हणत नाही. कोपऱ्यातल्या पोराला कॅमेरा मिळाला हे चांगलंच झालं. पण एखादा सुंदर उतार सापडला तर तो आपल्याजवळ थोडे दिवस ठेवावा, बर्फ वितळू द्यावा, मग सांगावा. तोवर सांगण्यासारखं काही उरलं, तर ते खरंच सांगण्यासारखं असेल.