टॉन्सिलच्या जखमेतून निघालेली गोळी

हृदयविकाराचा झटका टाळायला रोज ॲस्पिरिन घ्यावे, हा विचार रक्तस्रावाच्या तक्रारीतून पुढे आला. लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेनडेलमध्ये डॉ. लॉरेन्स क्रेव्हन टॉन्सिलच्या शस्त्रक्रिया करत आणि घसादुखीवर ॲस्पिरिनचे च्युइंगम देत. काही रुग्णांचे रक्त थांबेना. चौकशी केल्यावर कळले, की त्यांनी दुकानातून आणखी च्युइंगम आणून चघळले होते. जे औषध जखमेवरचे रक्त गोठू देत नाही ते हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळीही रोखेल, असा तर्क करून क्रेव्हन यांनी मध्यमवयीन पुरुषांना ॲस्पिरिन सुरू केले. १९५६ साली त्यांनी सुमारे ८,००० जणांचा अनुभव छापला: झटका एकालाही नाही. मात्र तुलनेला गोळी न घेणारा गट नव्हता, त्यामुळे त्यांचे म्हणणे बाजूला पडले. पुढच्याच वर्षी ते स्वतः हृदयविकाराने गेले.

या औषधाचा गुण आणि धोका त्या पहिल्याच निरीक्षणात एकत्र दिसले होते. पुढे गुण तेवढा लक्षात राहिला, ही खरी चूक. ॲस्पिरिन रक्तातल्या प्लेटलेटमधले एक विकर कायमचे बंद पाडते. प्लेटलेटला केंद्रक नसल्याने ते नव्याने तयार होत नाही, आणि आठ-दहा दिवसांच्या उरलेल्या आयुष्यात त्या पेशी एकमेकींना नीट चिकटत नाहीत. म्हणूनच ७५ मिलिग्रॅम पुरतात. पण जठरातला व्रण वाहू लागला किंवा मेंदूतली वाहिनी फुटली, तर तिथेही याच प्लेटलेटची गरज असते. गोळीला आवरण चढवल्याने हा धोका टळत नाही, कारण तो रक्तातूनच येतो.

यावर कोणी म्हणेल, की मोठ्या चाचण्यांनी क्रेव्हन यांनाच खरे ठरवले. झटक्याच्या संशयावरून नुकत्याच दाखल झालेल्या १७,१८७ रुग्णांच्या १९८८च्या चाचणीत महिनाभर ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. आजाऱ्यांसाठी हा पुरावा भक्कम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण १९८९ साली २२,०७१ निरोगी अमेरिकन पुरुष डॉक्टरांमध्ये पहिला झटका ४४ टक्क्यांनी कमी आढळला आणि गोळी धडधाकट माणसांच्याही कपाटात पोहोचली. त्याच अभ्यासात हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचे एकूण मृत्यू घटले नव्हते, हे फार थोड्यांनी वाचले. पुढे धूम्रपान घटले, रक्तदाबाचे उपचार सुधारले, स्टॅटिन आले. झटक्याची शक्यताच उतरली, तसा वाचवण्याजोगा भागही आटला. रक्तस्रावाचा धोका मात्र तसाच राहिला. २०१८ साली बहुतांश सत्तरीपुढच्या १९,११४ निरोगी लोकांच्या चाचणीत रोज १०० मिलिग्रॅम घेऊन हृदयविकार लक्षणीय घटला नाही आणि गंभीर रक्तस्राव ३८ टक्क्यांनी वाढला. २०२२ साली अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने साठीपुढच्या निरोगी माणसांनी ही गोळी नव्याने सुरू करू नये, असा सल्ला दिला. मात्र झटका येऊन गेलेल्या किंवा स्टेंट बसवलेल्या रुग्णाने हा सल्ला वाचून आपली गोळी परस्पर थांबवली, तर हृदयाच्या रक्तवाहिनीत किंवा स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. त्याच्यासाठी १९८८चा तो पुरावा आजही खरा आहे.