कर्सरचे रूप आणि त्याचे स्वामित्व

'कर्सर' हा मूळ लॅटिन शब्द, अर्थ धावणारा. स्लाइड रूलवरील सरकत्या काचेस हे नाव होते, तेच पुढे संगणकाच्या पडद्यावरील स्थानदर्शक चिन्हास मिळाले. लुकलुकणाऱ्या कर्सरचे एक पेटंट स्पेरी रँडच्या चार्ल्स कीस्लिंग यांच्या नावे १९७० साली मंजूर झाले. परंतु या चिन्हाचे रूप ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

१९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने व्हीटी-१०० हे टर्मिनल बाजारात आणले. त्यात कर्सर ठोकळ्याचा हवा की अधोरेषेचा, हे वापरणाराने 'सेट-अप' पडद्यावर ठरवावयाचे आणि ती निवड टर्मिनलच्या स्मृतीत जतन करावयाची, अशी व्यवस्था होती. संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रामला त्यात हस्तक्षेप करण्याची सोय नव्हती.

हस्तक्षेपाची गरज मात्र निर्माण झालेली होती. बर्कली येथे बिल जॉय यांनी रचलेल्या 'व्हीआय' संपादकात दोन अवस्था आहेत: एकीत अक्षर हे अक्षर असते, दुसरीत तेच अक्षर आज्ञा होते. आपण कोणत्या अवस्थेत आहोत याचे भान सुटले, की मजकूर लिहिताना तो पुसला जातो. कर्सरचे रूप अवस्थेप्रमाणे पालटणे हा यावरचा सरळ उपाय होय. जॉय यांच्याच 'टर्मकॅप' या वर्णनसंग्रहात कर्सरविषयी अदृश्य, सामान्य आणि अतिदृश्य अशा तीन नोंदी आढळतात. त्या दृश्यतेची मात्रा सांगतात, आकार सांगत नाहीत, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आकाराची आज्ञा १९९०च्या दशकातील व्हीटी-५१० या टर्मिनलच्या पुस्तिकेत आढळते: एस्केप चिन्हामागून चौकोनी कंस, एक अंक, रिकामी जागा आणि 'क्यू' हे अक्षर. एक म्हणजे लुकलुकणारा ठोकळा, दोन म्हणजे स्थिर ठोकळा, तीन व चार म्हणजे तशाच अधोरेषा. उभ्या रेघेसाठी पाच व सहा हे अंक एक्सटर्मने मागाहून जोडले. पुस्तिकेप्रमाणे शून्याचा अर्थ एकासारखाच. पण पुढील काळातील अनेक टर्मिनल-प्रोग्राम शून्याचा अर्थ 'वापरणाराने ठरविलेले रूप' असा करतात. शब्दशः पाहता हा अपपाठ होय. तथापि सेट-अप पडद्याने दिलेला आणि नव्या आज्ञेने हिरावलेला अधिकार याच अपपाठाने वापरणारास परत मिळाला, हे नाकारता येत नाही.

'व्हिम' संपादकात लेखनावस्थेच्या आरंभी व अखेरीस पाठवावयाच्या आज्ञा वापरणारा स्वतः लिहून ठेवू शकतो. परंतु प्रोग्राम मध्येच बंद पडला तर शेवटची आज्ञा जातच नाही आणि शेलच्या ओळीवर परकी रेघ लुकलुकत राहते. आधीचे रूप टर्मिनलला विचारून ठेवण्याची सोय आहे. पण प्रत्येक टर्मिनल त्याला उत्तर देतेच असे नाही. अशा वेळी शून्याची आज्ञा हाताने पाठवावी लागते.